पाच कोर्स, चार वर्षं

अमेरिकेतलं हायस्कूल चार वर्षांचं असतं, नववी ते बारावी. आणि शाळेतच कॅल्क्युलस शिकून बाहेर पडायचं असेल तर गणिताचे कोर्स लागतात पाच: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅल्क्युलस आणि सगळ्यात शेवटी कॅल्क्युलस. एका वर्षी एक, आणि आधीचा झाल्याशिवाय पुढचा नाही. आता चार वर्षांत पाच कोर्स बसवायचे कसे? कोड लिहिणाऱ्या कुणालाही हा घोटाळा ओळखीचा वाटेल. लूप एकाने चुकलाय!

उत्तर असं की ते बसतच नाहीत. पहिला कोर्स हायस्कूल सुरू व्हायच्या आधी, म्हणजे आठवीतच उरकावा लागतो. आठवीत अल्जिब्रा हवा तर सातवीत प्रीअल्जिब्रा झालेला हवा, आणि त्यासाठी सहावीत कुणीतरी तुम्हाला 'पुढच्या' वर्गात बसवलेलं हवं. म्हणजे सतराव्या वर्षी कॅल्क्युलस मिळणार की नाही याचा निकाल अकराव्या-बाराव्या वर्षी लागलेला असतो. पळवाटा आहेत, नाही असं नाही. एका वर्षी दोन कोर्स एकदम घ्या, किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत एक संपवा. पण त्यासाठी आधी ही पळवाट आहे हे घरात कुणाला तरी माहीत असावं लागतं.

आमच्या टीममधला एक सीनियर सात-आठ वर्षांपासून न्यू जर्सीत आहे. त्याच्या मुलीच्या शाळेतून असंच एक पत्र आलं, सहावीच्या प्लेसमेंट टेस्टबद्दल, आणि घरात बोर्डाच्या परीक्षेसारखं वातावरण तयार झालं. रात्रीच्या कॉलवर रिलीजचं बोलणं संपल्यावर तो मला म्हणाला, "तुला इतिहासाची खाज आहे ना, मग सांग, हे असलं डिझाइन केलं कुणी?" प्रश्न डोक्यात राहिला. त्यानंतरचे तीन-चार वीकेंड मी यात घालवले आणि जे सापडलं ते इतकं मजेशीर निघालं की लिहिल्याशिवाय राहवेना.

तर, हे डिझाइन कुणीच केलेलं नाही. जुन्या सिस्टीममध्ये जसं एकाने एक पॅच मारलेला असतो, दुसऱ्याने त्यावर दुसरा, आणि पंचवीस वर्षांनी कुणालाच कळत नाही की हे फंक्शन इथे का आहे, तसलाच प्रकार. फक्त इथे दोनशे वर्षांचे पॅच आहेत.

सुरुवात हार्वर्डपासून करावी लागते. १८२० मध्ये हार्वर्डने प्रवेशासाठी बीजगणित येणं सक्तीचं केलं. त्याआधी नुसतं अंकगणित चालायचं, बीजगणित कॉलेजात गेल्यावर. भूमिती प्रवेशाच्या यादीत आली ती १८४४ मध्ये. म्हणजे कॉलेजने वरचा विषय एक-एक करून खाली ढकलला आणि खालच्या शाळांनी तो झेलला. ज्या क्रमाने ढकलला त्याच क्रमाने शाळेत रुजला, आधी बीजगणित, मग भूमिती. युक्लिड बीजगणितापेक्षा कितीतरी शतकांनी मोठा, पण इथे रांगेत मागे उभा! पुढची दोनशे वर्षं हेच होत राहिलं. अमेरिकन शाळेतल्या गणितातली प्रत्येक नवी पायरी वरून पडलेली आहे, खालून बांधत नेलेली नाही.

१८९२ मध्ये नॅशनल एज्युकेशन असोसिएशनने दहा जणांची एक समिती नेमली. तिला नावही सरळ 'कमिटी ऑफ टेन' असंच पडलं. अध्यक्ष हार्वर्डचे प्रेसिडेंट चार्ल्स इलियट. तेव्हा हायस्कुलं वाढत होती आणि प्रत्येक शाळा वेगळं काहीतरी शिकवत होती, त्यात काही ताळमेळ आणायचा होता. गणिताची उपसमिती सायमन न्यूकम यांच्याकडे होती. हा माणूस खगोलशास्त्रज्ञ, लहानपणी शाळेचं तोंड फारसं न पाहिलेला, आणि शाळांनी गणित कसं शिकवावं हे ठरवायला याला बसवलं. (मला हे फार आवडलं.)

या समितीचा १८९३ चा अहवाल आज वाचला तर दोन गोष्टी डोळ्यात भरतात. एक म्हणजे समितीने ठामपणे सांगितलं की मूल पुढे कॉलेजात जाणार आहे की दुकानात बसणार आहे हे बघून शिकवण्यात फरक करू नका. विषय जोवर शिकवताय तोवर सगळ्यांना सारखाच शिकवा. गणिताच्या उपसमितीने थोडी सूट दिली होती, पहिल्या वर्षाच्या बीजगणितानंतर ज्यांना हवं त्यांनी हिशेबलेखन आणि व्यापारी अंकगणित घ्यावं. पण पहिलं वर्ष सगळ्यांचं एकच.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त जवळची आहे. न्यूकम यांच्या उपसमितीची शिफारस अशी होती की पहिलं वर्ष बीजगणित, आणि नंतरची दोन वर्षं बीजगणित आणि भूमिती शेजारी-शेजारी, दोन्हींना आठवड्याला अडीच-अडीच तास. आता महाराष्ट्र बोर्डात शिकलेल्यांनी जरा आठवून बघा. बीजगणिताचं पुस्तक वेगळं, भूमितीचं वेगळं, पेपर दोन, पण वर्ष एकच! आज वर्गसमीकरणं, उद्या वर्तुळाची स्पर्शिका. आपण दहावीपर्यंत जे केलं ते जवळजवळ तेच आहे जे अमेरिकेत १८९३ मध्ये सुचवलं गेलं होतं. अमेरिकेने मात्र ते केलं नाही. तिथे एक वर्ष बीजगणित, मग ते बंद करून एक वर्ष नुसती भूमिती, आणि मग पुन्हा बीजगणित, तोवर मुलं पहिलं अर्धं विसरलेली. सँडविच म्हणा हवं तर. गंमत म्हणजे शिकागोचे गणितज्ञ ई. एच. मूर यांनी १९०२ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या अध्यक्षीय भाषणात पुन्हा हेच सांगितलं, की शाळेतल्या गणिताच्या या भिंती पाडा. मोठ्या माणसांनी सांगितलं, सगळ्यांनी ऐकलं, आणि भिंती तशाच राहिल्या.

का राहिल्या याचं एक मोठं कारण शोधता शोधता मी चक्क प्रोफेसरांच्या पेन्शनवर येऊन पोहोचलो.

झालं असं की अँड्र्यू कार्नेगी हे पोलादवाले गृहस्थ कॉर्नेल विद्यापीठाचे ट्रस्टी झाले आणि त्यांच्या लक्षात आलं की प्रोफेसर लोकांना म्हातारपणी हातात काहीच राहत नाही. त्यांनी १९०५ मध्ये एक कोटी डॉलर बाजूला काढले आणि कॉलेज शिक्षकांना पेन्शन देणारं फाउंडेशन काढलं. पण पेन्शन द्यायची तर 'कॉलेज' म्हणजे काय हे ठरवायला हवं, कारण त्या काळी कुणीही उठून कॉलेजची पाटी लावत होतं. मग नियम असा केला की जे कॉलेज प्रवेशासाठी हायस्कूलची १४ 'युनिट' मागेल तेच खरं कॉलेज. युनिट म्हणजे एका विषयाचा वर्षभराचा अभ्यास, साधारण १२० तास. फाउंडेशनच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष पुन्हा आपले इलियटच!

पेन्शन कुणाला नको असते? कॉलेजांनी युनिट मागायला सुरुवात केली, म्हणून हायस्कुलांनी युनिट द्यायला सुरुवात केली, आणि गणिताचे वर्षावर्षाचे सीलबंद डबे झाले. अल्जिब्राचा एक डबा, जॉमेट्रीचा एक डबा. अडीच तास हे आणि अडीच तास ते, असं केलं तर ट्रान्सक्रिप्टवर लिहिणार काय? 'कार्नेगी युनिट' या नावाने ते माप अमेरिकन शाळांमध्ये अजून वापरात आहे. न्यू जर्सीतली सहावीतली मुलगी ज्या शिडीच्या पायथ्याशी उभी आहे तिच्या पायऱ्यांची उंची शंभरेक वर्षांपूर्वी पेन्शनच्या हिशेबात ठरली. हे वाचलं त्या रविवारी मी बराच वेळ एकटाच हसत होतो.

इथून पुढची तीस-चाळीस वर्षं उलटी आहेत. हायस्कुलात जाणाऱ्या मुलांचा पूर आला. १८९० मध्ये सगळ्या अमेरिकेत हायस्कूलची मुलं साडेतीन लाखांच्या आसपास होती, १९३० मध्ये ती ४८ लाखांच्या घरात गेली. एवढ्या सगळ्यांना बीजगणित कशाला, हा प्रश्न मग जोरात विचारला जाऊ लागला. विचारणाऱ्यांत पुढे होते कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमधले विल्यम किलपॅट्रिक, जे स्वतः आधी गणिताचे शिक्षक होते. १९२० च्या त्यांच्या अहवालाचा रोख असा होता की ज्याला ज्याचा थेट उपयोग आहे त्याला तेवढंच शिकवावं. मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकाने १९२३ मध्ये त्याला जाडजूड उत्तर दिलं, पण वारं दुसरीकडे वाहत होतं. १९१० च्या सुमारास हायस्कूलमधली ५७ टक्के मुलं बीजगणित शिकत होती. १९५५ मध्ये हा आकडा २५ टक्क्यांवर आला. भूमिती ३१ वरून ११ टक्क्यांवर. (टक्के घसरले तरी एकूण मुलंच इतकी वाढली होती की संख्येने बीजगणित शिकणारी मुलं कमी झाली असं नाही. आकडा बघून लगेच सुस्कारा सोडू नये.)

पण 'थेट उपयोग' कुणाला होणार हे ठरवत कोण होतं? शाळा. मुलाच्या बापाचा धंदा बघून, वस्ती बघून, कातडीचा रंग बघून, मुलगा की मुलगी ते बघून. शाळेच्या भाषेत याला मुलाच्या कुवतीप्रमाणे शिक्षण म्हणत. कमिटी ऑफ टेनला जे नको होतं नेमकं तेच झालं. एकाच इमारतीत दोन शाळा तयार झाल्या, एका जिन्याने कॉलेजकडे जाणारी आणि एका जिन्याने न जाणारी.

या सगळ्यात कॅल्क्युलस अजून कुठेच नाही हे लक्षात घ्या. तो कॉलेजचा विषय होता, आणि इंजिनिअरिंगवाल्यांनीही तो कॉलेजातच सुरू करायचा असायचा. जर्मनीत फेलिक्स क्लाइनसारख्या गणितज्ञाने १९०५ च्या सुमारास तो शाळेत आणायची खटपट केली होती, अमेरिकेत तसं काही नव्हतं.

तो शाळेत आला तो एकदम वेगळ्या दाराने. १९५० नंतर अँडोव्हर, एक्झिटर आणि लॉरेन्सव्हिल या तीन श्रीमंत खासगी शाळा आणि हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन ही तीन कॉलेजं एकत्र बसली. त्यांची तक्रार होती की या शाळांमधून आलेली हुशार मुलं कॉलेजच्या पहिल्या वर्षी तेच ते पुन्हा शिकतात आणि कंटाळतात. मग त्यांना शाळेतच कॉलेजचा अभ्यास का देऊ नये? फोर्डच्या पैशाने प्रयोग झाले, १९५५ मध्ये कॉलेज बोर्डाने तो कार्यक्रम हातात घेतला आणि मे १९५६ मध्ये पहिली 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' परीक्षा झाली. सगळ्या विषयांची मिळून १,२२९ मुलं, १०४ शाळा. मूठभर मुलांसाठी केलेली मूठभर सोय. एपीतलं गणित म्हणजे कॅल्क्युलस. १९६९ मध्ये त्याच्या एबी आणि बीसी अशा दोन परीक्षा झाल्या, त्या आजही त्याच नावाने आहेत.

आणि मग ४ ऑक्टोबर १९५७. स्पुटनिक! रशियाचा एक चेंडू डोक्यावरून बीप बीप करत गेला आणि अमेरिकेला एकदम आपल्या मुलांचं गणित आठवलं. १९५८ मध्ये नॅशनल डिफेन्स एज्युकेशन अ‍ॅक्ट आला. नाव बघा, शिक्षणाच्या कायद्यात 'संरक्षण'! त्याच वर्षी येलमध्ये एडवर्ड बेगल यांनी शाळेच्या गणिताची पुस्तकं नव्याने लिहायला घेतली, ज्यातून 'न्यू मॅथ' नावाचं प्रकरण झालं. त्यावर एक वेगळा लेख होईल. आपल्या कामाचा आहे तो कॉलेज बोर्डाच्याच आयोगाचा १९५९ चा अहवाल. अध्यक्ष होते प्रिन्स्टनचे अल्बर्ट टकर. (गेम थिअरीत 'कैद्यांचा पेच' शिकलात ना? त्या कोड्याला त्याची गोष्ट आणि नाव देणारे हेच.) या आयोगाने कॉलेजला जाणाऱ्या सर्वसाधारण मुलासाठी बारावीला सुचवलं काय, तर अर्धं वर्ष फलांचा अभ्यास, आणि उरलेल्या अर्ध्या वर्षात संभाव्यता-संख्याशास्त्र किंवा आधुनिक बीजगणित. कॅल्क्युलस नाही. तो फक्त एपीच्या थोड्या मुलांसाठी.

म्हणजे १९५९ मध्ये शिडी चार पायऱ्यांचीच होती आणि हायस्कूलच्या चार वर्षांत नीट बसत होती. पाचवी पायरी मूठभरांची होती. मग पुढे ती मूठ उघडत गेली. मॅनेजमेंटने 'नाइस टू हॅव' म्हणून टाकलेलं फीचर कधी सक्तीचं होतं ते आपल्याला कळत नाही ना, तसंच. चांगल्या कॉलेजांत एपी कॅल्क्युलस असलेल्या मुलाचा अर्ज वजनदार ठरू लागला, म्हणून शाळा तो देऊ लागल्या, म्हणून जास्त मुलं घेऊ लागली, म्हणून तो नसलेला अर्ज हलका दिसू लागला. १९५६ च्या त्या हजारभर मुलांच्या जागी २०१९ पर्यंत एकट्या एपी कॅल्क्युलसला दर वर्षी चार लाखांहून जास्त मुलं बसत होती. पाया मात्र कुणी हलवला नाही. अल्जिब्रा वन बहुतेक मुलांना नववीतच येत राहिला.

यात कोण अडकलं? १९७३ मध्ये लूसी सेल्स नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी बर्कलीत नव्याने दाखल झालेल्या मुलामुलींची पाहणी केली. ५७ टक्के मुलांनी शाळेत चार वर्षं गणित घेतलं होतं. मुलींमध्ये हे प्रमाण होतं ८ टक्के! चार वर्षं गणित नाही म्हणजे पहिल्या वर्षीचा कॅल्क्युलस नाही, आणि तो नाही म्हणजे बर्कलीतले बहुतेक विषय त्या मुलींसाठी पहिल्याच दिवशी बंद. सेल्सबाईंनी यासाठी शब्द वापरला 'क्रिटिकल फिल्टर', आणि तो चिकटला. कुणीही कुणाला नाही म्हटलेलं नाही, तरी दार बंद. चौदाव्या-पंधराव्या वर्षी एक कोर्स सोडला त्याचा हा हिशेब.

आता १९८२ सालाकडे येतो. या एकाच वर्षी अमेरिकेच्या दोन टोकांना दोन मास्तर ही शिडी हलवत होते.

एक होते बॉब मोझेस. हा माणूस मूळचा गणिताचा शिक्षक, पण साठच्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला गेला, मार खाल्ला, तुरुंगात गेला. तिथे नोंदणीच्या वेळी राज्यघटनेचं एखादं कलम वाचून त्याचा अर्थ सांगावा लागायचा, आणि अर्थ बरोबर की चूक हे ठरवणारा गोरा कारकून. ज्यांना शाळाच नीट मिळू दिली नव्हती त्यांना 'तुम्हाला वाचता येत नाही' म्हणून मत नाकारायचं! नंतर मोझेस टांझानियात काही वर्षं शिकवून केंब्रिजला, म्हणजे बॉस्टनच्या शेजारच्या, परत आले. १९८२ मध्ये त्यांची मोठी मुलगी आठवीत गेली आणि तिच्या शाळेत आठवीला अल्जिब्राच नव्हता. मग ते स्वतः त्या वर्गात जाऊन तिला आणि आणखी तीन मुलांना शिकवू लागले. शहराच्या अल्जिब्रा परीक्षेत पास होणारी त्या शाळेची ती पहिलीच मुलं. त्याच वर्षी त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली आणि तिच्यातून 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' उभा राहिला.

मोझेस यांचं म्हणणं साधं होतं. साठ साली नागरिक असण्यासाठी मत लागत होतं. आता कॉम्प्युटरच्या जगात पोटापाण्याचं नागरिकत्व अल्जिब्रातून मिळतं, आणि तो आठवीत नाकारणं हे मिसिसिपीतल्या त्या कारकुनासारखंच आहे. शिकवण्याची पद्धतही बघण्यासारखी. मुलांना बॉस्टनच्या मेट्रोत, रेड लाइनवर घेऊन जायचे. एक स्टेशन शून्य धरायचं, या बाजूची स्टेशनं अधिक, त्या बाजूची उणे. मग उणे तीनमधून उणे पाच वजा करणं म्हणजे काय हे मुलं पायाने शिकायची. आपल्याकडे चर्चगेट-बोरिवली आहेच की, कुणीतरी करून बघा :)

दुसरे होते हाइमे एस्कलान्ते. बोलिव्हियाहून आलेले, तिकडे गणित-भौतिकशास्त्राचे नावाजलेले शिक्षक, अमेरिकेत येऊन आधी हॉटेलात काम केलं, मग एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत, रात्रीच्या वर्गांतून पुन्हा पदवी घेतली आणि १९७४ मध्ये लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये शिकवायला लागले. मुलं बहुतेक मेक्सिकन कामगारांची. १९८२ मध्ये त्यांची १८ मुलं एपी कॅल्क्युलसला बसली आणि सगळी पास झाली. परीक्षा घेणाऱ्या संस्थेला उत्तरं सारखी वाटली म्हणून १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला गेला. त्यांतल्या १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि ते बाराही पुन्हा पास झाले. यावर १९८८ मध्ये 'स्टँड अँड डिलिव्हर' हा सिनेमा निघाला, बऱ्याच जणांनी पाहिला असेल.

सिनेमा चांगला आहे, पण त्याने एक घोळ करून ठेवलाय. त्यात असं दिसतं की अपूर्णांकात अडखळणारी मुलं एका तडफदार मास्तराच्या जिवावर थेट कॅल्क्युलसला पोहोचतात. खऱ्या गारफिल्डमध्ये असं काही झालं नव्हतं. एस्कलान्ते यांना तो वर्ग उभा करायला वर्षं लागली. त्यांनी हेन्री ग्राडिलास या प्रिन्सिपॉलच्या पाठिंब्याने शिडीच्या खालच्या पायऱ्या आधी दुरुस्त केल्या. अल्जिब्रा आणि त्रिकोणमिती शिकवणारे चांगले सहकारी जमवले, उन्हाळ्यात जवळच्या कॉलेजात मुलांचे वर्ग घेतले म्हणजे हुकलेलं वर्ष भरून निघेल, आणि ज्या शाळांमधून मुलं गारफिल्डला येत त्यांच्यापर्यंतही हात पोहोचवला. १९८७ मध्ये एकट्या एबी परीक्षेत ७३ मुलं पास झाली. मग प्रिन्सिपॉल बदलले, शिक्षक संघटनेशी वर्गाच्या आकारावरून खटके उडाले (३५ ची मर्यादा आणि यांच्या वर्गात ५० च्या वर मुलं), १९९१ मध्ये एस्कलान्ते शाळा सोडून गेले आणि आकडे घसरले. सिनेमावाल्यांना मास्तर दिसला, शिडी दिसली नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात कामाची गोष्ट गारफिल्डची आहे आणि ती सगळ्यात चुकीची सांगितली जाते.

कारण पुढे कॅलिफोर्नियाने नेमकी तीच चूक राज्यभर केली. १९९७ च्या तिथल्या अभ्यासक्रमाने अल्जिब्रा वन आठवीला आणला. जुलै २००८ मध्ये राज्याच्या शिक्षण मंडळाने ठरवलं की आठवीच्या प्रत्येक मुलाची परीक्षा आता अल्जिब्राचीच. कोर्टाने तो निर्णय रोखला, पण ढकलाढकली चालूच राहिली. मोझेस यांनी जे मागितलं ते मिळालं असं वाटेल, पण खालची सातवी-सहावी होती तशीच होती. वर्गावरची पाटी बदलली की काय होतं? नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट भागात असाच प्रयोग झाला होता. क्लॉटफेल्टर, लॅड आणि व्हिग्डर या अर्थशास्त्रज्ञांनी तिथली आकडेवारी तपासली, तेव्हा घाईने अल्जिब्रात ढकललेली मुलं त्या परीक्षेत मागे पडलेली दिसली आणि पुढच्या भूमितीत पास होण्याचं प्रमाणही घटलेलं.

मग लंबक उलट्या बाजूला गेला. २०१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांनी ठरवलं, आठवीत कुणालाच अल्जिब्रा नाही, सगळे एकदम नववीत. हेतू चांगला होता, सहावीतली गाळणी काढून टाकायची. पण शिडीच्या पायऱ्या पाचच आणि वर्षं चारच! एक पायरी वाचवायला अकरावीत अल्जिब्रा टू आणि प्रीकॅल्क्युलस एकत्र कोंबलेला कोर्स ठेवला. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी आठवीचा अल्जिब्रा बाहेरून ऑनलाइन करून घेतला. अडकली ती पुन्हा तीच मुलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या शाळा मंडळाने आठवीचा अल्जिब्रा परत आणायचं ठरवलं आणि मार्चमध्ये मतदारांनीही मोठ्या बहुमताने तेच सांगितलं. आणि केंब्रिज? जिथे मोझेस यांनी सुरुवात केली तिथल्याच शाळांनी २०१७ ते २०१९ च्या दरम्यान पुढचे वर्ग बंद केले, आणि २०२३ मध्ये आठवीचा अल्जिब्रा सगळ्यांना द्यायचं जाहीर केलं. मोझेस २०२१ मध्ये गेले, त्यांनी हे पाहिलं नाही.

बरं, एवढं करून कॅल्क्युलस मिळाला की काय होतं? मॅथेमॅटिकल असोसिएशनने २०१० मध्ये कॉलेजच्या पहिल्या कॅल्क्युलस कोर्सची देशभर पाहणी केली. त्या वर्गात बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी शाळेत कॅल्क्युलस आधीच घेतलेला होता! म्हणजे ज्यासाठी सहावीपासून धावाधाव केली तोच कोर्स पुन्हा पहिल्यापासून. २०१२ मध्ये ही असोसिएशन आणि गणित शिक्षकांची राष्ट्रीय परिषद यांनी मिळून सांगितलं की शाळेच्या गणिताचं अंतिम ध्येय कॅल्क्युलस असू नये, त्याआधीचं गणित पक्कं असावं. ऐकतंय कोण? अर्ज वाचणारा बारावीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघतो.

आपल्याकडे बसून हसायला सोपं आहे, पण आपली पद्धत काही फार शहाणी होती असं नाही. आमच्या वेळी अकरावीला सायन्स आणि गणित घेतलं की लिमिट-डेरिव्हेटिव्ह आपोआप पदरात पडायचं, कोर्स निवडण्याचा प्रश्नच नाही. पण दहावीच्या टक्क्यांवर आर्ट्सला गेलेल्यांसाठी तेच दार एका दुपारी बंद व्हायचं. त्यांची शिडी, आपला कडा. फरक एवढाच की आपला निकाल सोळाव्या वर्षी लागायचा, त्यांचा बाराव्या, आणि आपल्याकडे निदान निकाल लागतोय हे घरात सगळ्यांना माहीत असायचं.

अलीकडची मला पटलेली एक गोष्ट टेक्सासची आहे. डॅलसच्या शाळांनी २०१९ च्या सुमारास फॉर्मची उलटापालट केली. आधी पुढच्या गणिताच्या वर्गात जायचं तर पालकाने मागणी करायची किंवा शिक्षकाने शिफारस करायची. आता पाचवीच्या परीक्षेत बरे गुण असलेलं मूल आपोआप त्या वर्गात, नको असेल तर पालकाने तसं लिहून द्यायचं. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर फक्त डिफॉल्ट व्हॅल्यू बदलली. आठवीत अल्जिब्रा घेणारी काळी आणि लॅटिनो मुलं त्यानंतर चांगलीच वाढली. ती आधीही तेवढीच हुशार होती, त्यांच्यासाठी फॉर्म भरायला कुणी गेलं नव्हतं. २०२३ मध्ये टेक्सासने राज्यभर तसा कायदा केला: पाचवीच्या परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत असलेलं प्रत्येक मूल सहावीत पुढच्या गणिताला. शार्लटमध्ये सरसकट ढकललं होतं, इथे तयारी झालेल्यांना अडवायचं नाही एवढंच आहे, आणि पायरी सहावीची आहे, थेट आठवीची नाही. बाकीच्या ६० टक्क्यांचं काय, हा प्रश्न तिथेही उरतोच. त्या कायद्याखाली सहावीत बसलेली पहिली मुलं बारावीला पोहोचायला अजून काही वर्षं आहेत.